कृतज्ञता सोहळा आणि त्याआधीची कामे : कोथरूडमधील एका सोसायटीच्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२४, रविवार

आपल्या सोसायटीच्या गणेशोत्सवाचे यंदा पंचविसावे वर्ष आहे. त्यानिमित्त सोसायटीची आणि परिसराची सेवा करणाऱ्यांचा जाहीर सत्कार करावा, असा प्रस्ताव अध्यक्षांनी आजच्या व्यवस्थापक समितीच्या बैठकीत मांडला. मंडप, व्यासपीठ, पाहुणे, शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि शेवटी अल्पोपाहार अशी रूपरेषा त्यांनी तयारच करून आणली होती. प्रकल्पाची जबाबदारी माझ्याकडे सोपवण्यात आली. निवृत्त माणसाला वेळ असतो, हा पुण्यातील सोसायट्यांचा ठाम समज आहे.

जबाबदारी स्वीकारताना मी एक अट घातली आणि ती इतिवृत्तात नोंदवून घेतली. ज्यांचे आभार मानायचे आहेत, त्या प्रत्येकाशी आधी बोलायचे, त्यांचे काम कुठे आणि कशामुळे अडते ते समजून घ्यायचे आणि त्यानंतरच खर्चाचे अंदाजपत्रक मांडायचे. खजिनदारांनी तत्काळ अनुमोदन दिले. खर्च पुढे ढकलणाऱ्या कोणत्याही सूचनेला त्यांचे अनुमोदन असते.

चर्चेत २२ मार्च २०२० चा विषय निघणे स्वाभाविक होते. त्या रविवारी सायंकाळी पाच वाजता आपण सर्वांनी गच्च्यांतून आणि गॅलऱ्यांतून थाळ्या वाजवल्या होत्या. राज्यातील पहिले करोनाबाधित रुग्ण त्याच महिन्यात पुण्यातच आढळले होते आणि डॉ. नायडू रुग्णालयातील कर्मचारी त्यांची शुश्रूषा करत होते. त्या थाळ्यांमागची भावना खरी होती, याबद्दल मला शंका नाही. मात्र त्यानंतर थोड्याच दिवसांत याच शहरातील काही इमारतींमध्ये परिचारिका असलेल्या भाडेकरूंना घर सोडण्याविषयी सुचवले गेले, हेही आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेले आहे. भावना आणि वागणूक यांच्यात पडणारे हे अंतर आपल्या सोसायटीपुरते मोजता आले, तर प्रकल्पाचे निम्मे काम झाले असे मी धरून चाललो आहे.

२० जून २०२४, गुरुवार

यादी तयार झाली. दारोदार कचरा गोळा करणाऱ्या दोघी ताई, महापालिकेच्या रस्तेसफाई विभागातील झाडूवाले, आपले तिन्ही पाळ्यांचे सुरक्षारक्षक, पोस्टमन, वीज गेल्यावर भर पावसात खांबावर चढणारे वायरमन, पाणी सोडणारे चावीवाले, गॅस सिलिंडर पोचवणारे, अग्निशमन केंद्रातील जवान आणि महापालिका दवाखान्याच्या आरोग्यसेविका. डॉक्टर आणि पोलीस यांची नावे सुचवली गेली, परंतु त्यांचे सत्कार इतरत्र होतच असतात. ज्यांच्या गळ्यात कधी हार पडत नाही, त्यांच्यापासून सुरुवात करावी असे ठरले.

यादी करताना सिलिंडरचा हिशेब पुढे आला. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचे वजनही जवळपास तेवढेच असते, म्हणजे खांद्यावरचा भार साधारण ३० किलोंचा. ‘ब’ इमारतीच्या लिफ्टमध्ये मात्र ‘सामान नेण्यास व कामगारांस सक्त मनाई’ अशी पाटी आहे. ही पाटी कोणाच्या ठरावाने लागली हे जुन्या इतिवृत्तांत शोधले, परंतु असा ठराव कुठेही सापडला नाही. पाटी मात्र इतकी वर्षे विनाठराव अंमल गाजवत आहे. प्रकल्पाचा पहिला खर्च शून्य रुपये : पाटी काढण्याची शिफारस मी अध्यक्षांकडे आजच पाठवली.

२ जुलै २०२४, मंगळवार

दोन्ही पालख्यांनी आज सकाळी पुणे सोडले. काल मुक्कामाच्या दिवशी नाना पेठेतील निवडुंगा विठोबा आणि भवानी पेठेतील पालखी विठोबा या दोन्ही ठिकाणी समितीचे आम्ही काही सभासद जाऊन आलो. दर्शन हा हेतू होताच, परंतु पुण्यात वारकऱ्यांची सेवा कशी केली जाते हे या प्रकल्पाच्या निमित्ताने जरा डोळसपणे पाहायचे होते.

पेठांमध्ये फिरताना जाणवले की येथील सेवा अतिशय नेमकी आहे. कोणी तुटलेल्या चपलांचे अंगठे शिवून देतो, कोणी दाढी-कटिंग करतो, कोणी तेल लावून पाय चोळतो, कोणी छत्रीच्या काड्या बसवून देतो. चालून आलेल्या माणसाला काय लागते, हे परंपरेने ठाऊक असल्यामुळे तेथे कोणी सन्मानचिन्ह घेऊन उभा राहत नाही. आपल्या प्रकल्पासाठी याहून स्पष्ट नमुना मला सुचत नाही.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. पालख्या पुढे सरकल्यानंतर रस्त्यावर उरलेले द्रोण, केळीची साले, पाण्याचे पाऊच आणि चहाचे कागदी कप झाडूवाल्या बायका पहाटेपासून उचलत होत्या. अन्नदानाचे फलक मोठमोठे होते, पण कचऱ्याचे पिंप मात्र क्वचितच दिसले. वाटप करणाऱ्याला पुण्य मिळत असेल तर उचलणाऱ्या बाईच्या खात्यावर त्यातले किती जमा होते, असा प्रश्न आमच्यातील एका काकूंनी तेथेच विचारला. तो विनोद म्हणून सोडून द्यावा असे मला वाटत नाही.

६ जुलै २०२४, शनिवार

कचरा गोळा करणाऱ्या मोठ्या ताईंशी आज सविस्तर बोलणे झाले. त्यांच्या कामाच्या वेळी बोलणे म्हणजे त्यांचाच वेळ खाणे. म्हणून वर्गीकरण आटोपून त्या पार्किंगच्या कडेला टेकल्या तेव्हा भेटलो.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण समितीतील तरुण सभासदांना ती माहीत नव्हती. पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३ साली स्थापन झाली. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील कष्टकऱ्यांच्या चळवळीचा तिला आधार होता. उकिरड्यावर वेचणारी माणसे हीही कामगारच आहेत, ती शहराचा पैसा वाचवतात आणि टाकाऊ माल पुन्हा कारखान्यांकडे वळवतात, ही गोष्ट या संघटनेने महापालिकेला पटवून दिली आणि १९९०च्या दशकातच सभासदांना महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळाली. पुढे याच सभासदांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये दारोदार कचरासंकलनासाठी तिचा महापालिकेशी करार झाला. या संस्थेच्या बहुसंख्य सभासद स्त्रिया आहेत आणि त्यांतील बहुतेक दलित समाजातून आलेल्या आहेत. आपल्या दाराशी येणाऱ्या ताई कोणाच्या नोकर नसून एका सहकारी संस्थेच्या भागधारक आहेत, हे ऐकून आमच्या एका सभासदाला खरोखरच आश्चर्य वाटले.

त्यांचे उत्पन्न दोन वाटांनी येते : प्रत्येक घराकडून मिळणारे मासिक शुल्क आणि सुका कचरा निवडून भंगारात विकल्यावर मिळणारे पैसे. त्यामुळे आपण पुठ्ठ्याच्या खोक्यात उरलेली आमटी ओतली, तर आपल्या लेखी कचरा तेवढाच राहतो. त्यांच्या लेखी मात्र पुठ्ठ्याचे पैसे बुडतात.

सत्काराचा विषय काढल्यावर ताई हसल्या. “शाल नगं साहेब. उन्हाळ्यात कुठं पांघरू अन् पावसाळ्यात कुठं वाळवू? तुमच्या लोकांना तेवढं डायपर कागदात गुंडाळून द्यायला सांगा.”

यापुढचे बोलणे जवळजवळ संपूर्णपणे कामाच्या तपशिलाचे झाले. डायपर आणि सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर लाल ठिपका करून, वेगळे द्यावेत अशी पद्धत ‘स्वच्छ’ने अनेक वर्षांपूर्वी सुरू केली. असा कचरा गुंडाळून वेगळा देणे हे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार प्रत्येक घराचे कर्तव्यच आहे. तरीही आपल्या तीन इमारतींत हा लाल ठिपका मोजक्याच घरांच्या पुड्यांवर दिसतो.

हातमोज्यांविषयी मी विचारले, कारण गेल्या वर्षी सोसायटीने जाडसर हातमोजे दिले होते आणि ते वापरले जात नाहीत अशी तक्रार काही सभासदांनी केली होती. ताईंनी माझ्यासमोर हातमोजा घालून दाखवला आणि एक ओली पिशवी उचलली. बोटांच्या टोकाशी कापड दुमडले जात होते, पिशवीची गाठ चिमटीत येत नव्हती, गाठ सुटेना म्हणून त्यांना ती फाडावी लागली आणि आतला चहाचा चोथा त्यांच्याच पायावर सांडला. मोजा काढल्यावर तशीच दुसरी गाठ क्षणात सुटली. “काच असली तर बोटाला आधी कळतं. ह्याच्यात कळत न्हाई, लागल्यावरच कळतं.” पातळ, बोटांना घट्ट बसणारे आणि धुऊन वाळवता येतील असे मोजे चालतील, असे त्यांनी सांगितले. काच आणि ब्लेड वेगळे देण्याची सवय घरांना लागली तर मोज्यांचा वाद बराचसा मिटेल, हे माझे मत.

दुधाच्या पिशवीची गोष्टही येथेच नोंदवतो. आपण पिशवीचा कोपरा कात्रीने छाटतो आणि तो त्रिकोणी तुकडा ओल्या कचऱ्यात जातो. तो इतका बारीक असतो की खतातून वेचता येत नाही, भंगारात धरला जात नाही, नाल्यात मात्र हमखास सापडतो. कोपरा पूर्ण न छाटता चीर देऊन पिशवीलाच चिकटलेला ठेवला, पिशवी खळबळून दिली, तर पूर्ण पिशवी विकली जाते. स्वयंपाकघरात इतक्या वर्षांत हे आपल्याला कोणी सांगितले नव्हते.

शेवटी, बराच वेळ घुटमळून, त्यांनी शौचालयाचा प्रश्न सांगितला. सकाळी सहाला घर सोडल्यावर दुपारपर्यंत सोय नसते, म्हणून पाणीच कमी प्यायचे. तळमजल्यावर आपले शौचालय आहे. ते वाहनचालकांसाठी बांधले होते आणि सध्या त्यात जुन्या खुर्च्या व गेल्या वर्षीच्या मखराचे थर्मोकोल ठेवलेले आहे.

१४ जुलै २०२४, रविवार

समितीची बैठक. वरील सर्व नोंदी वाचून दाखवल्या. मंडप व सन्मानचिन्हे यांसाठी धरलेल्या रकमेतील मोठा वाटा शौचालयाची दुरुस्ती, वर्गीकरणाच्या जागेवर पत्र्याची शेड, तेथे नळ आणि साबण यांसाठी वळवावा असा ठराव मांडला. विरोध झाला. बाहेरची माणसे आवारात वावरू लागतील, असा एक आक्षेप होता. ही माणसे आज वर्षानुवर्षे आपल्या दाराची घंटा वाजवत आहेत आणि आपल्या घरी कोण आजारी आहे हे आपल्या कचऱ्यावरून त्यांना आपल्या शेजाऱ्यांपेक्षा आधी कळते, असे उत्तर ‘क’ इमारतीतील एका ज्येष्ठ सभासद बाईंनी दिले. त्यानंतर ठराव बहुमताने संमत झाला. अध्यक्षांनी व्यासपीठाचा हट्ट सोडलेला नाही. पण तो लहान झाला आहे.

मासिक शुल्क प्रत्येक घराने वेगवेगळे देण्याऐवजी सोसायटीने देखभाल शुल्कासोबत गोळा करून एकरकमी द्यावे, असेही ठरले. महिनाअखेर शुल्कासाठी पुन्हा पुन्हा दारात उभे राहावे लागते आणि ‘उद्या या’ ऐकावे लागते, ही तक्रार दोघींचीही होती.

२६ जुलै २०२४, शुक्रवार

कालचा दिवस शहरासाठी कठीण गेला. खडकवासला धरणातून बुधवारी रात्रीपासून सोडलेला विसर्ग सुमारे ३५ हजार क्युसेकवर गेला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पहाटे झोपेतच लोकांच्या घरांत पाणी शिरले. अग्निशमन दलाच्या आणि लष्कराच्या जवानांनी बोटींतून लोकांना बाहेर काढले. आपल्या सोसायटीतील काही कुटुंबांचे नातेवाईक तेथे राहतात. त्यांना आणायला गेलेल्यांकडून सविस्तर हकीकत समजली. सोसायटीतील ज्येष्ठांच्या तोंडी साहजिकच १२ जुलै १९६१ होते, म्हणजे पानशेत धरण फुटल्याचा आणि पाठोपाठ खडकवासलाही फुटल्याचा दिवस.

पूर ओसरल्यावर गाळ काढण्यासाठी सफाई कर्मचाऱ्यांच्या तुकड्या उतरल्या. फोडणीची पोळी आणि चहा घेऊन जाण्याची तयारी आपल्या महिला मंडळाने केली होती. सोसायटीतील डॉक्टर सभासदांनी मात्र वेगळी यादी दिली : गमबूट, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि हात-पाय धुण्यासाठी साबण व स्वच्छ पाणी. पुराच्या गाळात मैलापाणी आणि उंदरांचे मूत्र मिसळलेले असते. पायाला जखम असेल तर त्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. चहा नेलाच, पण गमबूट आणि साबण आधी पोचवले. लहान मापाचे, बायकांच्या पायात बसतील असे गमबूट मिळवताना दुकानदाराला गोदाम उपसावे लागले. हे काम बायका करतात आणि बूट पुरुषांच्या मापाचे बनतात, याकडे बूट करणाऱ्यांचे अजून लक्ष गेलेले नाही.

४ ऑगस्ट २०२४, रविवार

अग्निशमन केंद्रातील अधिकारी विनंतीवरून आवार पाहून गेले. सत्काराला येण्याचे आमंत्रण त्यांनी नम्रपणे स्वीकारले, परंतु त्याआधी आपल्या प्रवेशमार्गावर बोट ठेवले. ‘अ’ इमारतीच्या वळणावर नेहमी दोन मोटारी उभ्या असतात. बंब तेथून वळू शकत नाही. होज रीलच्या, म्हणजे आग विझवण्याच्या नळीच्या, पेटीत एका सभासदाने झाडांची खते ठेवली होती. गच्चीची किल्ली कोणाकडे असते, या प्रश्नाची आमच्याकडून एकाच वेळी निरनिराळी उत्तरे गेली.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यात सादर करायचे असते. जुलै संपला होता. परवानाधारक संस्थेला त्याच दिवशी कळवले.

१४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, कारण १९४४ मध्ये याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजावर झालेल्या स्फोटांत ६६ अग्निशामक मृत्युमुखी पडले. कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकाच जहाजात भरलेला होता. ती आग विझवायला गेलेल्यांना कशाने मृत्यू आला, याचा विचार केला की वळणावरच्या दोन मोटारी आणि खतांची पोती या किरकोळ बाबी वाटत नाहीत. मोटारमालकांना पत्रे दिली. एकाने मोटार हलवली, दुसऱ्यांनी सदर जागा विकत घेतल्याचा दावा केला असून तो तपासला जात आहे.

१५ ऑगस्ट २०२४, गुरुवार

ध्वजवंदनानंतर पोस्टमन काकांचे काम मार्गी लावले. पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी, संस्कृतचे व्यासंगी गृहस्थ होते. या माहितीने मुले खूश झाली. त्यांचे सहा आकडे पत्र कोथरूडपर्यंत बिनचूक आणतात, पण पुढे आपल्या जिन्याखालच्या निम्म्या पेट्यांवर जुन्या मालकांची नावे आहेत. मुलांनी सर्व पेट्या पुसून, नव्या नावांच्या पट्ट्या लावल्या. काकांची मागणी एवढीच होती.

२५ ऑगस्ट २०२४, रविवार

सुरक्षारक्षकांचा विषय सर्वांत नाजूक निघाला, कारण येथे देणेकरी आपणच आहोत. रक्षक एजन्सीमार्फत येतात, सोसायटी एजन्सीला पैसे देते आणि तेथे आपली जबाबदारी संपली असे मानण्याची सर्वत्र पद्धत आहे. रात्रपाळीच्या काकांना त्यांचा भविष्यनिर्वाह निधीचा खाते क्रमांक विचारला, तेव्हा त्यांनी पाकिटातून घड्या पडलेला एक कागद काढला. त्यावर आधीच्या एजन्सीचे नाव होते. आताचा क्रमांक त्यांना कोणी सांगितलेला नव्हता. राज्य कामगार विम्याचे कार्डही नव्हते. मासिक वेतन २१ हजार रुपयांपर्यंत असेल तर त्यांना ते लागू व्हायला हवे.

आजच्या ठरावानुसार एजन्सीचे दरमहाचे बिल मंजूर करण्यापूर्वी प्रत्येक रक्षकाच्या नावाची भविष्यनिर्वाह निधीची आणि विम्याची चलने जोडणे बंधनकारक केले आहे. आठवड्याची सुट्टी घेतली म्हणून पगार कापला जाणार नाही, हेही लेखी मागवले आहे. यामुळे बिल वाढेल, असा इशारा एजन्सीच्या व्यवस्थापकांनी दिला. वाढेल. आजवर ते कमी होते, याचा अर्थ फरकाची रक्कम कोणीतरी दुसरा भरत होता आणि तो कोण, हे पाकिटातल्या त्या कागदावरून पुरेसे समजते.

८ सप्टेंबर २०२४, रविवार

काल गणपती बसले. व्यासपीठ नाही, भाषणे नाहीत. अध्यक्षांच्या आग्रहाखातर एक फलक आहे आणि त्यावर सर्वांची नावे त्यांच्या संमतीने, त्यांनी सांगितल्याप्रमाणे लिहिलेली आहेत. आरतीचा मान यादीतील प्रत्येकाला द्यायचा असे ठरले होते, परंतु सायंकाळी थांबणे अनेकांना परवडत नाही. मोठ्या ताईंनी सकाळच्या आरतीला येऊ असे कळवले आणि आज त्या सुनेला घेऊन आल्या. आरती झाल्यावर प्रसाद घेतला आणि लगेच, निर्माल्यात प्लास्टिकच्या पिशवीसकट हार टाकले जात असल्याचे दाखवून दिले. निर्माल्याच्या पिंपावर दुपारी पाटी लागली : ‘हार देवाचा आहे, पिशवी दुकानदाराची आहे. कृपया वेगळे करावे.’ पाटी लिहिणारे सभासद सदाशिव पेठेतून येथे राहायला आले आहेत.

दुपारच्या जेवणासाठी हॉटेलऐवजी हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’मधून जेवण मागवले. कष्टकऱ्यांना परवडणाऱ्या दरात पोटभर आणि सकस जेवण मिळावे म्हणून १९७४ साली पुण्यात हा उपक्रम सुरू झाला. सर्व एकाच पंगतीत बसले. सिलिंडरवाले भाऊ उशिरा आले, म्हणून एका पंगतीचे वाढपी पुन्हा कामाला लागले.

२८ सप्टेंबर २०२४, शनिवार

‘ब’ इमारतीमागचे ड्रेनेजचे चेंबर तुंबले. ओळखीचा एक माणूस आहे, तो आत उतरून तासाभरात मोकळे करून देतो, असे एका सभासदाने सुचवले. ही सूचना समितीच्या ग्रुपवर येताच मी तिला लेखी हरकत घेतली.

चेंबरमध्ये मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचतात, प्राणवायू कमी होतो. हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो, परंतु त्याचे प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर होते आणि वास गेला म्हणजे धोका टळला असे उतरणाऱ्याला वाटते. एक बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि अशा दुर्घटनांत एकाहून अधिक माणसे जातात ती यामुळे. गटारे आणि मैलाटाक्या यांत सुरक्षासाधनांविना माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेणे हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूबद्दल वारसांना ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले आहे. पूर्वी ही रक्कम १० लाख होती. कायदा बाजूला ठेवला तरी, आपण ज्या महिन्यात आरतीचा मान देतो त्याच महिन्यात कोणाला चेंबरमध्ये उतरवणार असू, तर फलकावरची नावे पुसून टाकलेली बरी, असे मी ग्रुपवर लिहिले. भाषा जरा कडक झाली असे दोघांनी कळवले. ती तशीच राहू दिली आहे.

जेटिंग मशीनची, म्हणजे पाण्याच्या जोरदार झोताने गटार मोकळे करणाऱ्या यंत्राची, गाडी सोमवारी मिळणार असे कळले होते, प्रत्यक्षात मंगळवारी येईल असे दिसते. तोवर ‘ब’ इमारतीच्या रहिवाशांनी पाणी जपून वापरावे, अशी सूचना लावली आहे. तुंबण्याचे कारणही पाइपलाइन पाहणाऱ्या कारागिराने सांगून ठेवले : वेट वाइप्स, दाढीचे ब्लेड आणि स्वयंपाकघरातील गोठलेले तूप. वेट वाइप्सच्या पाकिटावर काहीही छापलेले असले तरी ते पाण्यात विरघळत नाहीत.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

दिवाळीच्या पोस्ताचा विषय. आजवर ज्याला जे वाटेल ते तो देत असे. त्यामुळे जो नमस्कार करून दारात उभा राहतो त्याला मिळते आणि पहाटे रस्ता झाडून जाणारी बाई, जिचे तोंड आपण पाहिलेले नाही, ती राहून जाते. यंदा सर्व पोस्त एकत्र जमा करून यादीप्रमाणे वाटायचे ठरले. ज्यांना वेगळे द्यायचे आहे त्यांना मोकळीक आहे. महापालिकेच्या कायम सेवेतील कर्मचाऱ्यांना रोख रक्कम न देता फराळ द्यावा, कारण रोख घेणे त्यांच्या सेवानियमांत अडचणीचे ठरू शकते. फराळाच्या डब्यात चकलीचे तुकडे आणि उरलेला चिवडा भरू नये, ही सूचना महिला मंडळाने स्वतःहून ठरावात घालायला लावली. साड्या घ्यायच्या तर दोघींना दुकानात नेऊन त्यांच्या पसंतीने घ्याव्यात, असे ठरले. धाकट्या ताईंनी साडीऐवजी मुलीच्या वह्या-पुस्तकांचे पैसे मागितले आणि ते मंजूर झाले.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीनंतरचा आढावा.

शौचालय सुरू झाले आहे, किल्ली सुरक्षारक्षकांच्या टेबलाशी टांगलेली असते आणि स्वच्छतेची पाळी सोसायटीच्याच सफाईच्या कंत्राटात घातली आहे. वर्गीकरणाच्या शेडवर पत्रा बसला, मात्र पावसाचा झोत पूर्वेकडून आत येतो. त्या बाजूला ताडपत्री हवी. लाल ठिपका आता बहुसंख्य घरांच्या पुड्यांवर दिसतो. ‘अ’ इमारतीचे दोन मजले अजून मागे आहेत आणि त्यांची नावे फलकावर लावण्याची सूचना मी तूर्त मान्य केलेली नाही. दुधाच्या पिशव्यांचा हिशेब धाकट्या ताई आता वेगळा ठेवतात.

लिफ्टमधील पाटी निघाली. त्या जागी भिंतीचा रंग वेगळा दिसतो म्हणून नवी पाटी लावावी असा अर्ज आला होता. सिलिंडर ठेवण्यासाठी लिफ्टमध्ये रबरी मॅट टाकली आणि अर्ज दप्तरी दाखल केला.

एजन्सीने ऑक्टोबरची चलने जोडली, परंतु रात्रपाळीच्या काकांच्या नावातील एक अक्षर आधार कार्डाशी जुळत नसल्याने त्यांचे खाते अडले आहे. त्यासाठीचा संयुक्त अर्ज भरून दिला, पाठपुरावा खजिनदारांकडे. वळणावरच्या मोटारीचा दावा कागदपत्रांत टिकला नाही, तरी मोटार अजून तेथेच आहे. पुढील सर्वसाधारण सभेपर्यंत थांबायचे की वाहतूक शाखेला कळवायचे, याचा निर्णय अध्यक्षांनी घ्यायचा आहे. ‘नमुना ब’साठीची तपासणी या खेपेस डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच करून घ्यावी आणि जेटिंग मशीनचा वार्षिक करार पावसाळ्यापूर्वी, एप्रिलमध्ये करावा, असे इतिवृत्तात लिहिले आहे.